पाठातला लंबक आणि भिंतीवरचा लंबक

'लंबकाचे घड्याळ उन्हाळ्यात मागे पडते. कारण द्या.' आम्ही शाळेत होतो तेव्हा हा प्रश्न हमखास यायचा आणि त्याचे उत्तरही हमखास पाठ असायचे. उष्णतेने लंबकाची दांडी प्रसरण पावते, तिची लांबी वाढते, म्हणून आवर्तकाल वाढतो, म्हणून घड्याळ मागे पडते. दोन गुण. उत्तर बरोबरच आहे. पण घड्याळ किती मागे पडते, हे आम्हांला कोणी विचारले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

हा प्रश्न पुन्हा आठवण्याचे कारण असे. मागे एकदा नाशिकमधील एका शाळेत विज्ञान शिक्षकांच्या एका गटाबरोबर आम्ही बसलो होतो. लंबकाचा पाठ वर्गात कसा घ्यावा, हा चर्चेचा विषय होता. शिक्षकखोलीच्या भिंतीवर काचेच्या दाराचे, लाकडी पेटीतले एक जुने घड्याळ होते. ते सव्वाचारवर थांबले होते. कधीपासून, हे कोणालाच सांगता येईना. ''सर, ते बंदच आहे. भंगारात द्यायचं ठरलंय,'' असे एका शिक्षकांनी सांगितले. म्हणजे घड्याळाखाली बसून आम्ही सगळे लंबकाविषयी बोलत होतो आणि डोक्यावरचा लंबक स्वस्थ लोंबत होता. याची सर्वांनाच थोडी लाज वाटली. मग असे ठरले की काही शनिवार या घड्याळासाठी द्यायचे. आमच्यापैकी एकालाही घड्याळ दुरुस्तीचे शिक्षण नव्हते.

घड्याळ चालू झाले. त्याची हकीकत पुढे आहेच. पण या लेखाचा मुख्य हेतू दुरुस्ती शिकवणे हा नाही. ते घड्याळ समोर ठेवून लंबकाचा पाठ पुन्हा वाचला, तेव्हा त्यात काय आहे आणि काय नाही हे दिसले. ते शिक्षकांपुढे मांडायचे आहे.

पाठात काय आहे?

कोणतेही पुस्तक घेतले तरी पाठाचा साचा एकच असतो. आधी गॅलिलिओची गोष्ट. पिसाच्या चर्चमध्ये झुलणारे झुंबर त्याने पाहिले, नाडीच्या ठोक्यांनी दोलने मोजली आणि झोका लहान असो वा मोठा, वेळ तेवढाच लागतो असे त्याला आढळले. मग नियम येतात. आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाच्या समप्रमाणात असतो. गोळ्याच्या वस्तुमानावर तो अवलंबून नसतो. आयाम लहान असेल तर आयामावरही नसतो. मग सूत्र, मग प्रयोग आणि शेवटी गुरुत्वत्वरणाची किंमत ९.८.

या मांडणीत एक मोठा गुण आहे, तो आधी मान्य करू. दोरा, गोळा आणि सेकंद दाखवणारे कोणतेही घड्याळ एवढ्या सामग्रीवर विद्यार्थ्याच्या हाताला एक निसर्गनियम लागतो. इतका स्वस्त आणि इतका चांगला प्रयोग भौतिकशास्त्रात दुसरा क्वचितच असेल. आमची तक्रार प्रयोगाविषयी नाही. पाठ जिथे थांबतो त्या जागेविषयी आहे.

गोष्टीपासूनच सुरुवात करू. झुंबराची गोष्ट गॅलिलिओने स्वतः लिहिलेली नाही. त्याचा शिष्य विव्हियानी याने ती नंतर सांगितली आणि घटनेचे साल १५८३ दिले. पिसाच्या चर्चमध्ये आज जे झुंबर दाखवतात, ते १५८७ साली बसवलेले आहे. गॅलिलिओच्या पत्रांतून मात्र १६०२ पासून लंबकाविषयीचे त्याचे विचार मिळतात. गोष्ट सांगू नये असे आम्ही म्हणणार नाही. मुलांना ती आवडते. पण पुढचा भाग गाळला जातो, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा आहे. झोका कितीही मोठा असला तरी वेळ सारखाच लागतो, हे गॅलिलिओचे म्हणणे काटेकोरपणे खरे नव्हते. मोठ्या झोक्याला थोडा अधिक वेळ लागतो. १६५६ साली लंबकाचे पहिले चांगले घड्याळ बनवणाऱ्या हायगेन्सला ही अडचण नीट माहीत होती. तिच्यावर उपाय शोधताना त्याने चक्रज वक्राचा अभ्यास केला आणि १६७३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे 'आयाम लहान असेल तर' हे जे चार शब्द आपण वर्गात घाईने वाचतो, त्यांच्यामागे कित्येक वर्षांची मेहनत आहे.

पेटी उघडल्यावर

आता आमच्या घड्याळाकडे वळू. पहिली चूक आमचीच झाली. दार उघडले, काटे काढले, यंत्र पेटीबाहेर घेतले आणि मागच्या पितळी पत्र्याचे नट सैल करायला लागलो. आत कमान, म्हणजे स्प्रिंग, अर्धी गुंडाळलेली होती याचा विचारच केला नाही. पत्रा जरासा उचलला जाताच चाके खर्रकन फिरली आणि एका चाकाचा एक दात मोडला. कोणाचे बोट मध्ये नव्हते हे नशीब. मेन रोडच्या मागच्या एका गल्लीत बसणाऱ्या घड्याळजींकडे ते चाक घेऊन गेलो. त्यांनी चाकावर नजर टाकली आणि एवढेच म्हणाले, ''आधी जोर उतरवायचा असतो.'' मोडलेल्या दाताच्या जागी त्यांनी खाच पाडून पितळेचा तुकडा बसवला, डाक दिला आणि कानशीने त्याला दाताचा आकार दिला. तासाभराच्या त्या कामाकडे आम्ही शाळकरी मुलांसारखे बघत उभे होतो.

जोर उतरवायची रीत अशी. चावी भोकात घालून घट्ट धरायची, दातेरी चाकाला अडवणारी खिटी बाजूला करायची आणि चावी अर्ध्याअर्ध्या फेऱ्याने हातातल्या हातात मागे येऊ द्यायची. टोल्यांची कमान वेगळी असते, तिचाही जोर असाच उतरवायचा. हे केल्याशिवाय एकही नट हलवू नये, आणि हे काम मुलांकडून करवून घेऊ नये.

बाकीची कामे त्या मानाने सोपी निघाली. जुने तेल धुळीत मिसळून काळा लगदा झाला होता. तो घासलेटने धुतला. ज्या भोकांत चाकांच्या आसांची टोके फिरतात ती भोके दात कोरायच्या काडीने साफ केली. मग फक्त त्या भोकांत घड्याळाच्या तेलाचा एकेक बारीक थेंब दिला. दातांना तेल लावायचे नाही, कारण दातांवरचे तेल धूळ धरते आणि ती धूळ कानशीसारखी पितळ खाते. खोबरेल तर मुळीच नको. नाशिकच्या थंडीत ते गोठते.

पेटी पुन्हा भिंतीवर चढवली, चावी दिली, लंबकाला झोका दिला. पाच मिनिटे चालून घड्याळ थांबले. पुन्हा झोका दिला, पुन्हा थांबले. आता काय राहिले? एका शिक्षकांनी कान लावून ऐकले आणि सांगितले, ''याचा ताल चुकतोय.'' टिक आणि टॉक यांच्यामधले अंतर सारखे नव्हते. टिक नंतर टॉक लगेच यायचा आणि मग दुसऱ्या टिकेपर्यंत लांब थांबा. पाणसळ ठेवून पाहिली तर पेटी एका बाजूला कलली होती. ती बोटभर सरकवल्याबरोबर ठोके एकसारखे पडू लागले आणि घड्याळ थांबायचे बंद झाले. पेटी सरळ असूनही ताल चुकत असेल, तर लंबकाच्या दांडीला ढकलणारी बारीक तार किंचित वाकवून तो जुळवावा लागतो. बंद पडलेल्या कितीतरी घड्याळांना याहून मोठा आजार नसतो. रंगकाम करताना घड्याळ उतरवतात, पुन्हा टांगताना ते जरासे तिरपे लागते आणि 'बिघडले' म्हणून कायमचे बंद होते.

ताल का महत्त्वाचा? इथे पाठात नसलेली गोष्ट समोर येते. पाठातला लंबक एकटा झुलतो आणि हळूहळू थांबतो. घड्याळातल्या लंबकाला थांबू दिले जात नाही. त्याच्या वर नांगराच्या आकाराचा एक तुकडा असतो. त्याचे दोन पंजे आळीपाळीने एका दातेरी चाकाला अडवतात आणि सोडतात. दर सुटकेला चाक अर्धा दात पुढे जाते आणि जाताजाता लंबकाला अगदी लहानसा ढकला देते. लंबक चाकांना शिस्त लावतो आणि चाके लंबकाला जिवंत ठेवतात. ढकला दोन्ही बाजूंना सारखा मिळाला नाही तर एका बाजूला तो अपुरा पडतो. ही देवाणघेवाण म्हणजेच घड्याळ. 'लंबकाचा उपयोग घड्याळात होतो' या एका वाक्यात पाठ ती उरकतो.

दात मोजा, लांबी काढा

यंत्र उघडे असताना मुलांना चाकांचे दात मोजायला द्यावेत. समजा, मिनिटकाट्याच्या चाकाला ७२ दात आहेत आणि ते ६ दातांच्या लहान चाकाला फिरवते. म्हणजे पुढचे चाक तासाला १२ फेरे करते. त्याचे ६० दात पुन्हा ६ दातांच्या चाकाला फिरवत असतील तर शेवटचे चाक तासाला १२० फेरे करणार. त्याला ३० दात असतील आणि प्रत्येक दातामागे दोन ठोके पडत असतील, तर तासाला ७,२०० ठोके झाले, म्हणजे सेकंदाला दोन. लंबकाचा आवर्तकाल एक सेकंद हवा. पाठातले सूत्र आता बाहेर काढा. लांबी येते सुमारे २४.८ सेंटिमीटर.

सूत्राचा असा उपयोग आम्ही शाळेत एकदाही केला नव्हता. लंबक हरवलेले घड्याळ मिळाले, तर केवळ दात मोजून त्याला किती लांब लंबक लागेल हे सांगता येते. सहावी-सातवीतला गुणाकार-भागाकार आणि वरच्या इयत्तेतले सूत्र यांची इथे गाठ पडते. पाठाच्या शेवटी जे स्वाध्याय असतात त्यांत 'एका लंबकाची लांबी अमुक, तर आवर्तकाल काढा' अशी दहा उदाहरणे असतात. त्यांतल्या एकाही लंबकाला काम नसते.

किती मागे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. दिवसाचे सेकंद ८६,४००. आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असल्याने लांबी जेवढ्या पटीने वाढते, त्याच्या निम्म्या पटीने आवर्तकाल वाढतो. पितळेची दांडी एक अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे १९ दशलक्षांशाने वाढते. म्हणजे घड्याळ एका अंशामागे दिवसाला सुमारे ०.८ सेकंद मागे पडेल. पोलादासाठी हा आकडा अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो आणि लाकडी दांडीसाठी ०.२ सेकंदाच्या. नाशिकच्या जानेवारी आणि मे महिन्यांच्या सरासरी तापमानात दहा अंशांचा फरक धरला, तर पितळेची दांडी दिवसाला ८ सेकंद, पोलादी ५ आणि लाकडी २ सेकंद मागे टाकेल.

हे थोडे की फार? रोज घड्याळ लावणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही. महिनाभर हात न लावणाऱ्याला पितळेच्या दांडीत चार मिनिटांचा फरक दिसेल. 'किती?' हा प्रश्न विचारला की 'कोणासाठी?' आणि 'किती दिवसांत?' हे प्रश्न आपोआप येतात, आणि मग दोन गुणांच्या उत्तरात जीव येतो.

याची तुलना दुसऱ्या कारणांशी करून पाहावी. २४.८ सेंटिमीटरच्या लंबकाची लांबी एक मिलिमीटरने बदलली तर घड्याळ दिवसाला जवळजवळ तीन मिनिटे पुढे-मागे होते. गोळ्याखालच्या नटाचे आटे अर्धा मिलिमीटर अंतरावर असतील, तर त्याचा एक फेरा म्हणजे दिवसाला सुमारे दीड मिनिट. उन्हाळ्याचे ८ सेकंद म्हणजे त्या नटाचा अकरावा हिस्सा फेरा. नट खाली सोडला की घड्याळ मंद होते, वर चढवला की जलद. आमच्या घड्याळाला जागेवर आणायला तीन आठवडे लागले, कारण दर वेळी नट हलवून किमान एक दिवस थांबावे लागे.

गुरुत्वत्वरणाचेही असेच. पुस्तकातले ९.८ सगळीकडे सारखे नाही. १६७२ साली रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला, तेव्हा पॅरिसला जुळवलेले त्याचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे याचा पुरावा पुढे त्यातूनच मिळाला. नाशिकचा अक्षांश २० अंश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६०० मीटर. इथे गुरुत्वत्वरण ९.७८५ च्या जवळपास येते. लंडनला ते ९.८१ आहे. लंडनला बरोबर लावलेले लंबकाचे घड्याळ नाशिकला आणले, तर ते दिवसाला सुमारे दोन मिनिटे मागे पडेल.

वस्तुमानाचे नाणे

आणखी एक गंमत. 'आवर्तकाल वस्तुमानावर अवलंबून नसतो' हे आपण शिकवतो. लंडनच्या बिग बेन घड्याळाचा वेग मात्र लंबकावर जुनी पेनी नाणी ठेवून जुळवतात. एका नाण्याने घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जाते. मग नियम खोटा का? नाणे गोळ्याच्या वरच्या बाजूला ठेवलेले असते. त्याने वस्तुमानाचा मध्य किंचित वर सरकतो, म्हणजे लंबकाची परिणामी लांबी कमी होते. नियम शाबूत राहतो, पण 'लांबी' म्हणजे नेमके कुठून कुठपर्यंत, हे पुन्हा विचारावे लागते. वर्गात आधी कोडे घालावे आणि उत्तर लगेच सांगू नये.

आमचे भाकीत आणि घड्याळाचे म्हणणे

आता जे लिहायचे आहे ते आमच्या फारसे सोयीचे नाही.

घड्याळ आठवड्याला चावी द्यायचे आहे. चावी दिल्यावर कमान जोरात असते, लंबक दोन्ही बाजूंना साधारण चार-चार अंश जातो. आठवड्याच्या शेवटी जोर ओसरतो, झोका तीन अंशांवर येतो. मोठ्या झोक्याला अधिक वेळ लागतो हे हायगेन्सपासून माहीत आहे. हिशेब करता येतो: चार अंशांच्या आयामाला दिवसाला सुमारे २६ सेकंदांची वाढ, तीन अंशांना सुमारे १५. म्हणून आम्ही फळ्यावर लिहिले, 'चावी दिल्यानंतरच्या दिवसांत घड्याळ आठवड्याच्या शेवटच्या दिवसांपेक्षा दिवसाला सुमारे ११ सेकंद मागे पडेल.' विज्ञानात डॉक्टरेट असलेल्या माणसाने लिहिलेले. सर्वांनी उतरून घेतले.

गटातल्या एका शिक्षिकांनी रोज दुपारी बाराला मोबाइलवरच्या वेळेशी ताडून नोंद ठेवली. आठवड्याने वही पाहिली. पहिल्या दोन दिवसांत घड्याळ दिवसाला जवळजवळ अर्धा मिनिट पुढे गेले होते. शेवटच्या दोन दिवसांत जवळजवळ तेवढेच मागे. आमच्या भाकिताच्या बरोबर उलट.

तेव्हा आम्ही म्हणालो, ''पहिले दोन दिवस सोडून देऊ. नुकतेच टांगले आहे, स्थिर व्हायला वेळ लागला असेल.'' शिक्षिका क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ''सर, मुलांनी असं केलं तर आपण काय म्हणतो?''

उत्तर नव्हते. पुढचा आठवडा नोंदी पुन्हा घेतल्या. पुन्हा तेच. घड्याळ आपल्या म्हणण्यावर ठाम होते.

मग नांगराकडे नीट पाहिले. लंबक झोक्याच्या टोकाकडे जात असताना चाकाचा दात पंज्याच्या उतारावर टेकलेला असतो आणि लंबक त्याला किंचित मागे रेटतो. बारकाईने पाहिले तर चाक दर ठोक्याला थोडे मागे सरकताना दिसते. त्या वेळी दात उलट लंबकालाच मध्याकडे ढकलत असतो. म्हणजे लंबकाला परत आणायला गुरुत्वाबरोबर कमानही मदत करते. जणू गुरुत्वत्वरण थोडे वाढले. कमान जितकी जोरात, तितकी ही मदत जास्त आणि आवर्तकाल तितका कमी. अशा नांगराच्या घड्याळात हा परिणाम झोका मोठा होण्याच्या परिणामावर मात करतो आणि ताजी चावी दिलेले घड्याळ पुढे पळते. घड्याळ बनवणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. चाक मागे न रेटणारा नांगर लंडनच्या ग्रॅहमने १७१५ च्या सुमारास प्रचारात आणला, तो याच दोषावर उपाय म्हणून. आमच्या सूत्रात फक्त गुरुत्व होते, नांगर नव्हता.

स्पष्टीकरण सापडले म्हणजे काम संपले असे नाही. ते तपासावे लागते. कारण हेच असेल, तर कमान कधीच पूर्ण न भरता आणि कधीच फार न उतरू देता ठेवल्यास फरक कमी व्हायला हवा. म्हणून आठवड्याऐवजी दर तिसऱ्या दिवशी थोडीशीच चावी द्यायला सुरुवात केली. पुढे-मागे होणे बरेच कमी झाले. या वेळी भाकीत जुळले, पण या वेळी आम्ही फळ्यावर जरा हळू लिहिले होते.

प्रयोगवहीतले ९.८

लंबकाच्या पाठावरचा आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. पाठातल्या प्रयोगाचे उत्तर आधीच माहीत असते. विद्यार्थ्याला ९.८ आणायचे असते आणि तो आणतो. कसे आणतो, हे आपण सर्व जाणतो; आपल्यापैकी बहुतेकांनी विद्यार्थी असताना ते केलेले आहे. उत्तरावरून मागे येत नोंदी भरायच्या. एक मीटरच्या लंबकाची वीस दोलने चाळीस सेकंदांत होतात. सुरू करताना आणि थांबवताना मिळून ०.२ सेकंदाची चूक धरली, तर वेळेत अर्धा टक्का आणि गुरुत्वत्वरणात एक टक्का फरक पडणारच. प्रामाणिक उत्तर ९.७ ते ९.९ च्या दरम्यान कुठेही येईल. संपूर्ण वर्गाचे ९.८० आले, तर त्या दिवशी वर्गाने भौतिकशास्त्राचे काहीतरी गमावले आहे. मुलाच्या हाती सूत्र राहते, पण निसर्गाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर निसर्गाकडून ऐकायचे असते, ही सवय जाते.

घड्याळापाशी ही लबाडी चालत नाही, याचे कारणही शिकवण्यासारखे आहे. वीस दोलने का मोजायची, एकच का नाही? कारण चूक एकदाच होते आणि ती विसांत वाटली जाते. भिंतीवरचे घड्याळ हीच युक्ती दिवसभर करत असते. एक सेकंद आवर्तकालाचा लंबक दिवसात ८६,४०० दोलने मोजतो आणि ती काट्यांवर साठवतो. आपण दुसऱ्या दिवशी अर्ध्या सेकंदाची चूक केली तरी मोजणी लाखात एका हिश्शाइतकी बारीक होते. खोटी नोंद केली, तर दुसऱ्या दिवशीचा काटा ती उघडी पाडतो. वहीला काहीही सांगता येते. काट्याला सांगता येत नाही.

आमच्यासारख्या संशोधकांनी स्वतःला वगळू नये. 'पहिले दोन दिवस सोडून देऊ' हे वाक्य आमच्या तोंडून किती सहज आले ते वर लिहिलेच आहे. ती सवय कुठे लागली असेल, याचा विचार केला तर बोट पुन्हा त्या शाळेतल्या प्रयोगवहीकडेच जाते.

मग काय करावे?

शिक्षक म्हणतील, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुले, त्यात घड्याळ कुठे उघडणार? आक्षेप रास्त आहे. घड्याळ उघडणे हे शनिवारचे काम आहे आणि ते मोठ्यांनीच करावे. आसांची भोके झिजून लांबट झाली असतील, कमान तुटली असेल, तर जाणत्या घड्याळजींकडेच जावे. हौशी माणसाने आपली हद्द ओळखणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे. असे कारागीर आता थोडे उरले आहेत, त्यांना एकदा वर्गात बोलवावे.

दोरा आणि गोळ्याचा प्रयोग आहे तसा राहू द्यावा. फक्त उत्तराला गुण न देता नोंदींना आणि त्यांतल्या फरकाच्या कारणांना द्यावेत. भिंतीवरच्या घड्याळाला वर्षभरात रोजचे एकच मिनिट लागते. ठरलेल्या वेळी एका मुलाने फरक वाचायचा आणि तारीख, तापमान व चावी दिल्याचा दिवस यांसह लिहायचा. नट फिरवला तर किती, तेही लिहायचे. महिन्याने आलेख काढायचा. ताडून पाहायला मोबाइलवरची वेळ पुरते. सूर्याशीही एकदा ताडावे. भारतीय प्रमाण वेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि नाशिक ७३.८ वर, म्हणून उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली इथे सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी पडते. २५ डिसेंबरच्या सुमारास ती जवळजवळ याच वेळी दिसेल. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मात्र १२.१८ ला आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९ ला. सूर्यही आपल्या घड्याळाप्रमाणे चालत नाही हे मुलांना स्वतः दिसले, तर पुढचा पाठ आपोआप सुरू होईल.

ते घड्याळ आता शिक्षकखोलीतून आठवीच्या वर्गात गेले आहे. सध्या आठवड्याला अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या आत राहते. टोले मात्र अजून एकाने चुकतात, ते काम पुढच्या शनिवारांसाठी ठेवले आहे. मागच्या भेटीत आम्ही मुलांची वही चाळली. मध्येच तीन ओळी रिकाम्या होत्या आणि समोर पेन्सिलीने लिहिले होते, 'सुटी. कोणी पाहिले नाही.' आकडे घालून त्या ओळी भरणे काही अवघड नव्हते. कोणी भरल्या नव्हत्या.